ऑफसेट स्मोकरवर ब्रिस्केट करताना तापमान स्थिर का राहत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही शिकागोजवळ राहता, पातळ पत्र्याचा छोटा ऑफसेट स्मोकर (मांस धुरावर सावकाश शिजवायची भट्टी, जिच्यात जाळ शेजारच्या वेगळ्या पेटीत, म्हणजे फायरबॉक्समध्ये असतो) घेतला आहे आणि त्यावर साधारण ७ किलोचे अख्खे ब्रिस्केट, म्हणजे गोमांसातला छातीचा भाग, लावले. झाकणावरच्या थर्मामीटरचा काटा कधी २०० अंशांवर, तर कधी ३२५ वर जात होता. काटा चढला की तुम्ही चिमणीची झडप मिटवत होता, उतरला की दोन-दोन लाकडे घालत होता. मांसाचे आतले तापमान १५५ अंशांवर येऊन जे अडले, ते चार तास हलले नाही. शेवटी पाहुण्यांच्या जेवणाची वेळ झाली म्हणून दहाव्या तासाला ते उतरवावे लागले. काप चिवट आणि कोरडे निघाले व वरचा काळा थर कडवट लागला. आता तापमान स्थिर ठेवण्यासाठी जाड पत्र्याचा स्मोकर घ्यावा का, आणि फ्रीजमध्ये उरलेल्या मांसाचे काय करावे, हे तुम्ही विचारले आहे. (तुमच्याप्रमाणे मीही सगळी तापमाने फॅरनहाइटमध्येच लिहितो, कारण इथली सगळी उपकरणे त्यातच बोलतात.)

मी मध्य टेक्ससमध्ये राहतो आणि बरीच वर्षे ऑफसेट स्मोकरवरच काम करतो आहे, म्हणून उत्तर त्या सवयीतून देतो. तुमच्या वर्णनात निरनिराळ्या कारणांच्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. कडवटपणा धुरातून आला आहे. चिवटपणा वेळेआधी उतरवल्यामुळे आला आहे. आणि ज्याची तुम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटली, तो काट्याचा चढउतार, या दोन्हींना थेट कारणीभूत नाही. तो आवरण्यासाठी जे उपाय केले गेले, त्यांनी मात्र बरेच नुकसान केले. त्यामुळे नवा स्मोकर घेण्याआधी आहे त्या स्मोकरमधला जाळ कसा सांभाळायचा, हा खरा प्रश्न आहे असे मला वाटते.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगतो. लाकूड किती वाळलेले होते, वारा कुठून येत होता, फायरबॉक्सच्या दारातून हवा किती गळते, मांसात चरबी किती होती, यांतल्या प्रत्येक गोष्टीने तास-दोन तासांचा फरक पडू शकतो. म्हणून पुढे दिलेले आकडे दिशा दाखवण्यापुरते समजावेत.

सुरुवात काट्यापासून करू. झाकणावर बसवलेला थर्मामीटर मांसापासून बराच वर, झाकणाच्या पत्र्यालगत असतो, आणि स्वस्त स्मोकरमध्ये तो मुळातच फारसा अचूक नसतो. जाळीवर, मांसाच्या शेजारी ठेवलेल्या प्रोबमध्ये (तारेने थर्मामीटरला जोडलेल्या तापमापक सुईमध्ये) आणि त्या काट्यामध्ये २५ ते ५० अंशांचा फरक सहज आढळतो. त्यात ऑफसेटमध्ये फायरबॉक्सकडची बाजू जास्त तापते आणि चिमणीकडची कमी. तेव्हा दोन प्रोबचा एक साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. एक प्रोब जाळीवर मांसापासून दोन-तीन इंचांवर आणि दुसरा मांसात. वापरण्याआधी बर्फाच्या पाण्यात बुडवून तो ३२ अंश दाखवतो का, ते पाहून घ्या. स्मोकरवर पैसे खर्च करायचेच असतील, तर पहिला खर्च हा असावा.

आता जाळाकडे वळू, कारण सगळे इथेच ठरते. ऑफसेट स्मोकरमध्ये गरम हवा चिमणीतून वर जाते आणि तिच्या जागी फायरबॉक्सच्या झडपेतून ताजी हवा आत ओढली जाते. हा ओढा चालू आहे तोवर लाकूड ज्योतीने जळते, धूर पातळ आणि निळसर राहतो आणि मांसाला चांगला वास लागतो. चिमणी मिटली की ओढा थांबतो. लाकूड तापलेले असते, त्यातून जळाऊ वायू आणि वाफा निघतच राहतात, पण त्या जाळायला पुरेशी हवा नसते. मग त्याच वाफा दाट पांढऱ्या धुराच्या रूपाने मांसावर बसतात. चुलीत ओले लाकूड घातले की घर कसे भरून जाते आणि डोळे कसे चुरचुरतात, ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हा धूर लगेच ओळखू येईल. तुमच्या ब्रिस्केटवरचा कडवट थर बहुधा अशाच धुराचा आहे. म्हणून माझा पहिला आग्रह हा की चिमणीची झडप पूर्ण उघडी ठेवावी आणि शेवटपर्यंत तिला हात लावू नये. जे काही कमी-जास्त करायचे, ते फायरबॉक्सच्या बाजूच्या झडपेने आणि त्याहूनही जास्त लाकडाच्या आकाराने करावे.

लाकडाच्या आकाराचा मुद्दा नवीन माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. दुकानात मिळणारे फोडलेले लाकूड शेकोटीसाठी असते, सोळा इंच लांब आणि चांगले जाडजूड. छोट्या फायरबॉक्समध्ये असे एक लाकूड पेटले की तापमान भडकते आणि ते आवरायला झडपा मिटाव्या लागतात. ते लाकूड निम्म्या लांबीचे आणि मनगटाएवढे जाड करून घ्या. लहान तुकडा मोकळ्या हवेत स्वच्छ जळतो, लवकर संपतो आणि त्याने तापमान थोडेच वर जाते. लहान जाळ आणि उघड्या झडपा ही जोडी छोट्या स्मोकरला मानवते. मोठा जाळ आणि मिटलेल्या झडपा या जोडीने तुमचे मांस कडू केले.

लाकूड कोणते, यावर इथे तासन्‌तास वाद चालतात. मध्य टेक्ससमध्ये पोस्ट ओक (ओक झाडाची एक जात) वापरतात, कारण तो इथे मुबलक आहे आणि त्याचा धूर सौम्य असतो. तुमच्या भागात पांढरा किंवा तांबडा ओक, हिकरी, चेरी, सफरचंद यांपैकी जे मिळेल ते चालेल. जातीपेक्षा ते वाळलेले असणे महत्त्वाचे. त्यातली ओल २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी हवी. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता त्यातले पाणी उडवण्यातच खर्च होते. पुढचा तुकडा घालण्याआधी तो फायरबॉक्सच्या वर ठेवून तापवून घ्यावा, म्हणजे आत गेल्यावर तो मिनिटभरात पेट घेतो. तुकडा घातल्यावर ज्योत दिसेपर्यंत फायरबॉक्सचे दार बोटभर उघडे ठेवावे. चिमणीच्या तोंडाकडे पाहिले तर आधी पांढरा लोट येतो, मग तो विरळ होतो आणि शेवटी फक्त हवा थरथरताना दिसते. दार मिटण्याची वेळ ती.

तापमानाचे हेलकावे का होतात, ते पाहू. तुम्ही काटा उतरल्यावर लाकूड घालत होता. पण काटा उतरलेला दिसतो तेव्हा निखारे बऱ्याच वेळापासून विझत आलेले असतात. मग घाबरून घातलेली दोन लाकडे आधी नुसती धुमसतात, काटा आणखी उतरतो, आणि अर्ध्या तासाने दोन्ही एकदम पेटतात. काटा ३२५ वर गेला की तुम्ही झडपा मिटता, निखारे गुदमरतात आणि पुन्हा पहिल्यापासून तेच सुरू होते. स्मोकर उशिरा उत्तर देतो, आणि आपण त्याच्या जुन्या उत्तरावर नवी कृती करत राहतो. यावर उपाय म्हणजे काट्याऐवजी निखाऱ्यांकडे पाहणे. तळाशी लाल निखाऱ्यांचा तीन-चार इंचांचा थर कायम हवा. सुरुवातीला तो चिमणी स्टार्टरमध्ये (कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात) पेटवलेल्या कोळशाने तयार करावा. शेवटच्या तुकड्याची ज्योत मंदावू लागली आणि तो निखाऱ्यांत मोडू लागला, की काटा अजून वर असला तरी पुढचा एकच तुकडा घालावा. छोट्या स्मोकरमध्ये हे साधारण दर अर्ध्या तासाने करावे लागते. राख साचून खालून येणारी हवा अडत असेल, तर ती मधूनमधून काढावी.

असे केल्यावरही काटा स्थिर राहणार नाही, आणि त्याची गरजही नाही. तुकडा पेटला की तापमान २०–३० अंशांनी वर जाईल आणि मग सावकाश खाली येईल. सात किलो मांस इतक्या थोड्या वेळाच्या चढउतारांची दखलही घेत नाही. त्याला तासातासाची सरासरी कळते. तुमच्यासारख्या स्मोकरवर मी २२५ चा हट्ट धरणार नाही. २५० ते २७५ धरा, कारण तेवढ्या तापमानाला जाळ मोकळेपणाने जळू शकतो, तर २२५ वर ठेवण्यासाठी पातळ पत्र्याच्या स्मोकरमध्ये तो बहुधा दाबावा लागतो. मधूनच काटा ३०० ला लागून आला, तरी झडपा मिटू नका. पुढचा तुकडा लहान घाला.

आता मांस चार तास का अडले, ते. याला इथे स्टॉल म्हणतात, आणि तो जवळजवळ प्रत्येक ब्रिस्केटला येतो, बहुधा १५० ते १७० अंशांच्या दरम्यान. मांस तापू लागले की त्यातले पाणी पृष्ठभागावर येते आणि बाष्प होऊन उडते. बाष्पीभवनाला लागणारी उष्णता मांसातूनच घेतली जाते. जाळ जेवढी उष्णता देतो तेवढी बाष्पीभवन काढून घेते, म्हणून आकडा हलत नाही. घाम वाळताना अंग गार पडते, तोच हा प्रकार. पृष्ठभाग पुरेसा कोरडा झाला की तापमान आपोआप वर सरकते. तेव्हा स्टॉल आला म्हणून लाकडे वाढवण्याचे किंवा झाकण उघडून पाहण्याचे कारण नव्हते. उलट, याच काळात वरचा थर वाळून गडद आणि खरपूस होतो, त्यामुळे तो हवाच असतो.

स्टॉल लवकर संपवायचा असेल तर मांस गुंडाळावे. फॉइलमध्ये बाष्पीभवन जवळजवळ थांबते, मांस भरभर पुढे जाते, पण आतल्या वाफेने वरचा थर मऊ पडतो. मेण न लावलेला खाकी बुचर पेपर थोडी वाफ बाहेर जाऊ देतो, म्हणून वेळही वाचतो आणि थरही बऱ्यापैकी टिकतो. ऑस्टिनचे प्रसिद्ध बार्बेक्यूवाले आरन फ्रँकलिन यांच्यामुळे ही कागदाची पद्धत घराघरांत पोहोचली. २०१५ साली त्यांना जेम्स बिअर्ड पुरस्कार (अमेरिकेतला स्वयंपाकासाठीचा मानाचा पुरस्कार) मिळाल्यावर तर टेक्ससच्या बाहेरचे लोकही त्यांच्या पद्धतीने ब्रिस्केट करू लागले. गुंडाळण्याची वेळ मी आकड्यावरून ठरवत नाही. रंग गडद, काळपट तांबूस झालेला असावा, नखाने खरवडल्यावर वरचा मसाला सुटून येऊ नये, आणि वरची चरबी बोटाने दाबली असता मऊ लागावी. बहुधा तेव्हा आकडा १६५ ते १७५ च्या आसपास असतो.

इथे एक सोय सांगतो, जिच्याबद्दल काही लोक नाक मुरडतात. मांस एकदा नीट गुंडाळले की त्याला धूर जवळजवळ लागतच नाही. पुढचे तास लाकूड जाळून काढायचे की घरातल्या ओव्हनमध्ये २५० ते २७५ अंशांवर, याने चवीत मला फरक जाणवलेला नाही. शिकागोच्या थंडीत, वाऱ्यात, पातळ पत्र्याचा स्मोकर रात्रभर जागवण्यापेक्षा पहिले सहा-सात तास जाळ मन लावून सांभाळावा आणि नंतर मांस ओव्हनमध्ये न्यावे, हे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

चिवटपणाबद्दल बोलताना एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. काप कोरडा आणि चिवट लागला की मांस जास्त शिजले, असा समज होतो. ब्रिस्केटमध्ये बहुतेक वेळा उलटे असते. हा जनावराच्या छातीचा, सतत वजन पेलणारा स्नायू असल्याने त्यात कोलॅजन, म्हणजे स्नायू बांधून ठेवणारे चिवट प्रथिन, भरपूर असते. ते वितळून जिलेटिन झाले की मांस मऊ आणि रसाळ लागते, आणि त्यासाठी नुसते तापमान पुरत नाही, त्या तापमानात काही तास जावे लागतात. अर्धवट शिजलेल्या ब्रिस्केटमधले पाणी गेलेले असते आणि जिलेटिन अजून झालेले नसते, म्हणून ते दोन्ही बाजूंनी वाईट लागते. खरोखर जास्त शिजलेले ब्रिस्केट चिवट नसते. त्याचे काप सुरीखाली चुरतात. तुमचे मांस उतरवताना १७० च्या आसपास होते असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा ते तयारच झालेले नव्हते.

तयार झाले की नाही, हे पाहायला २०३ हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. तो वाईट नाही, पण मी १९५ ला तपासायला लागतो आणि कधी २०८ पर्यंत थांबतो. प्रोबची सुई पातळ भागाच्या, म्हणजे फ्लॅटच्या, मध्यभागी घालून पाहावी. पॉइंट, म्हणजे जाड भाग, चरबीमुळे आधीच मऊ होतो आणि फसवतो. फ्लॅटमध्ये सुई कागदातून शिरताना जेवढी अडते तेवढीच अडावी, पुढे मांसात तिला विरोध जाणवू नये. ती अडकत असेल, तर अर्धा तास थांबून पुन्हा पाहावे. लावताना पॉइंट फायरबॉक्सकडे ठेवावा, म्हणजे तीव्र धग चरबीच्या भागाला बसते आणि फ्लॅट वाचतो.

पाहुण्यांच्या वेळेचा प्रश्न विसाव्याने सुटतो. ब्रिस्केट जेवणाच्या वेळी तयार होईल असा हिशोब करूच नये. चार तास आधी तयार होईल असा करावा. उतरवल्यावर कागद सैल करून दहा-पंधरा मिनिटे वाफ जाऊ द्यावी, मग पुन्हा गुंडाळून, जुन्या टॉवेलांत लपेटून रिकाम्या कूलरमध्ये ठेवावे. आतले तापमान १४० च्या खाली जाऊ देऊ नये, कारण त्याखाली जंतू वाढू लागतात. प्रोब आतच राहू द्यावा म्हणजे लक्ष राहते. या दोन ते चार तासांत मांस सावकाश निवते, आतले जिलेटिन दाट होते आणि कापताना रस पाटावर वाहून जात नाही. माझ्या मते हा विसावा शिजवण्याइतकाच महत्त्वाचा आहे. सात किलोच्या मांसाला २५०–२७५ वर दहा ते चौदा तास धरा, त्यात विसावा मिळवा. संध्याकाळी सातचे जेवण असेल तर जाळ पहाटे दोन-तीनला पेटलेला असावा, किंवा आदल्या रात्रीच.

छाटणी आणि मसाल्यावर फार लिहीत नाही, कारण तुमची अडचण तिथे नव्हती. वरची चरबी पाव इंच ठेवावी, आतली घट्ट, कडक चरबी वितळत नाही म्हणून काढून टाकावी, आणि जाडे मीठ व जाडसर कुटलेली मिरी सारख्या प्रमाणात लावावी. कापताना तंतूंच्या आडवे कापावे. पॉइंट आणि फ्लॅट या दोन वेगळ्या स्नायूंचे तंतू वेगळ्या दिशांना जातात, म्हणून मध्ये पोहोचल्यावर मांस फिरवून घ्यावे लागते.

आता जाड पत्र्याच्या स्मोकरबद्दल. मध्य टेक्ससमधल्या लॉकहार्ट गावचे क्रॉइट्स मार्केट हे बार्बेक्यूचे दुकान १९०० सालापासून चालू आहे; तिथल्यासारख्या जुन्या दुकानांत विटांच्या भल्यामोठ्या भट्ट्या असतात. विटा किंवा पाव इंच जाडीचे पोलाद एकदा तापले की उष्णता साठवून ठेवतात आणि जाळातले चढउतार स्वतःच गिळतात. तुमच्या पातळ पत्र्यात ती साठवण नाही, त्यामुळे प्रत्येक झुळूक आणि प्रत्येक तुकडा काट्यावर दिसतो. जाड स्मोकरने काम सोपे होते हे खरे आहे. पण थोडी साठवण आत्ताही करता येईल. फायरबॉक्सच्या बाजूला जाळीवर उकळत्या पाण्याची परात ठेवा, रिकाम्या जागेत दोन-तीन फायरब्रिक (भट्टीच्या विटा) ठेवा, झाकणाच्या फटींना उष्णता सोसणारी पट्टी लावा, आणि वारा सरळ फायरबॉक्सच्या झडपेत घुसणार नाही अशा बेताने स्मोकर फिरवून घ्या. पाऊस किंवा बर्फ आला तरी तो गॅरेजमध्ये मात्र कधीही नेऊ नका, दार उघडे असले तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने जीव जातो.

एवढे करून दोन-तीनदा ब्रिस्केट करून पाहा. त्यानंतर दर अर्ध्या तासाने जाळाजवळ जाणे तुम्हाला आवडते असे वाटले, तर जाड पत्र्याचा ऑफसेट जरूर घ्या. ते कंटाळवाणे वाटले, तर महागडा ऑफसेटही कंटाळवाणाच वाटेल, कारण लाकूड तिथेही हातानेच घालावे लागते. मग वेबर स्मोकी माउंटनसारखा उभा कोळशाचा स्मोकर किंवा पेलेट ग्रिल (लाकडी भुशाच्या गोळ्या यंत्राने आपोआप जाळणारे) तुमच्यासाठी बरे. धुराची चव थोडी हलकी मिळेल, पण रात्री झोप मिळेल.

राहता राहिले फ्रीजमधले मांस. ते फेकू नका. वरचा कडवट थर धारदार सुरीने पातळ तासून टाका. कडूपणा बहुतांशी त्या थरातच असतो. उरलेला तुकडा अख्खाच ठेवून खोलगट ट्रेमध्ये घाला, तळाशी कपभर बीफ स्टॉक ओता, वर फॉइल घट्ट बसवा आणि ओव्हनमध्ये ३०० अंशांवर ठेवा. दोन तासांनी सुई घालून पाहा, आणि ती सहज शिरेपर्यंत दर अर्ध्या तासाने पाहत राहा. त्यातले कोलॅजन अजून वितळायचे बाकी आहे, त्यामुळे मांस मऊ होईलच. काप सुबक पडणार नाहीत; त्याऐवजी तंतू सुटे करून ट्रेमधल्याच रसात कालवा आणि पावात भरून कांद्याबरोबर वाढा.